काचेच्या तंतूला सोन्याची कल्हई कशासाठी?

प्रश्न : माझे वडील साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. गळीत हंगामात ते रसाचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं शेकडा प्रमाण, कसा काढतात, हे मी लहानपणापासून पाहत आले. आता मी बी.एस्सी. करते आहे. कॉलेजात एका व्याख्यानात सांगितलं, की ऑप्टिकल फायबरवर सोन्याचा किंवा चांदीचा नॅनोथर चढवला की त्याचा उत्तम सेन्सर होतो, रसातली साखरसुद्धा त्याने मोजता येते. माझा गोंधळ असा की, फायबरची काच जितकी निर्मळ तितका प्रकाश लांब जातो, असं आम्ही शिकलो. मग तिच्यावर धातू चढवून काय सुधारतं? धातू तर प्रकाश अडवतो. आणि आमच्या भागात असा सेन्सर खरंच कशाच्या उपयोगाचा?
— एक वाचक, राहाता तालुका, जि. अहिल्यानगर

उत्तर : धातू प्रकाश अडवतो, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. हा सेन्सर त्या अडवण्यावरच चालतो. सोनं सगळा प्रकाश सारखा अडवत नाही; ते कोणता रंग अडवतं आणि तो रंग कशाने बदलतो, एवढं कळलं की तुमचा गोंधळ मिटेल.

आधी एक प्रयोग करून पाहा. काचेचा गुळगुळीत पेला पाण्याने काठोकाठ भरा, हातात धरा आणि वरून तिरक्या नजरेने, पाण्यातून, पेल्याच्या बाजूकडे पाहा. बाजू चांदीच्या पत्र्यासारखी चकाकते आणि तिच्यामागची तुमची बोटं दिसेनाशी होतात. आता बोटं जराशी ओली करा आणि काचेवर घट्ट दाबा. त्या चकाकीत बोटांच्या ठशाच्या रेषा उमटतात. रेषांमधल्या खाचा मात्र दिसत नाहीत. जिथे कातडी काचेला भिडली तेवढंच दिसतं, खाचेतल्या केसभरही नसलेल्या हवेच्या फटीपलीकडचं काही नाही.

चकाकी का येते ते तुम्ही शिकलाच आहात, पूर्ण आंतरिक परावर्तन. पण पुस्तकात एक गोष्ट बहुतेक राहून जाते. परत फिरणारा प्रकाश काचेच्या काठावर एकदम थबकत नाही. तो काठाबाहेर थोडासा, काही शे नॅनोमीटर, डोकावतो आणि मग मागे फिरतो. या डोकावणाऱ्या लहरीला इव्हॅनेसंट लहर म्हणतात. बाहेर हवा असेल तर ती रिकाम्या हाताने परत येते. तिथे काही टेकलेलं असेल तर तिला त्याचा स्पर्श होतो. तुमच्या ठशाच्या रेषा तिनेच दाखवल्या.

फोन आणि इंटरनेटचा फायबर या स्पर्शापासून मुद्दाम दूर ठेवलेला असतो. त्याचा गाभा आठ-नऊ मायक्रोमीटरचा, आणि त्याभोवती दुसऱ्या काचेचं जाड कवच, सगळं मिळून १२५ मायक्रोमीटर. डोकावणारी लहर त्या कवचातच विरते. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात स्टरलाइट टेक्नॉलॉजीज जो फायबर ओढते, तो नाल्यातून गेला काय आणि उसाच्या बांधाखालून गेला काय, बाहेर पाऊस आहे की चिखल हे त्याला कळू नये हाच त्याचा गुण. सेन्सर करायचा तर नेमकं उलट हवं. तिथे जाड गाभ्याचा फायबर घेतात, सेंटिमीटरभर कवच सोलतात आणि ती उघडी काच रसात बुडवतात.

आता रस दाट झाला की जास्त प्रकाश बाहेर गळतो आणि दुसऱ्या टोकाला उजेड किंचित मंद होतो. म्हणजे सेन्सर झाला की! झाला, पण भरवशाचा नाही. उजेड दिवा जुना झाल्यानेही मंद होतो, फायबर कुठे वाकला तरी होतो, जोड सैल झाला तरी होतो. मंद झाला एवढंच तो सांगतो, कशाने झाला ते सांगत नाही. सोनं इथे कामाला येतं. ते या मंदपणाला एक ठरावीक रंग देतं.

कसं ते सांगते. डोक्यावर पाण्याने भरलेली घागर घेऊन चालणाऱ्या बाईची चाल आठवा. चालीचा ठेका आणि घागरीतल्या पाण्याचा ठेका जुळला की पाणी हिंदकळून सांडतं. म्हणून ती आपोआप चाल बदलते. सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन हे त्या घागरीतलं पाणी. प्रत्येक रंगाच्या प्रकाशाची चाल वेगळी. पांढऱ्या उजेडातले बाकी सगळे रंग सोन्याच्या पातळ थराखालून परत फिरतात, पण ज्याचा ठेका इलेक्ट्रॉनांशी जुळला तो रंग त्यांना हिंदकळवण्यात खर्ची पडतो. दुसऱ्या टोकाला वर्णपट पाहिला तर तेवढ्या जागी खड्डा दिसतो. या हिंदकळण्याला पृष्ठभागावरचा प्लाझ्मॉन म्हणतात. महत्त्वाची गोष्ट अशी, की इलेक्ट्रॉनांचा ठेका सोन्याला बाहेरून काय टेकलं आहे यावर ठरतो. बाहेरचं पाणी गोड झालं की ठेका बदलतो आणि खड्डा सरकतो. दिवा निम्मा मंद झाला तरी खड्ड्याची जागा हलत नाही. धातूने केलेली खरी सुधारणा ही आहे.

ही कल्पना फार जुनी नाही. जर्मनीत आंद्रेआस ओटो आणि एर्विन क्रेच्मन यांनी १९६८ साली लोलकाच्या मदतीने असे प्लाझ्मॉन उठवून दाखवले. लोलक काढून त्या जागी फायबर घालण्याचं काम अमेरिकेत जॉर्गेन्सन आणि यी यांनी १९९३ मध्ये केलं. आपल्या देशात आयआयटी दिल्लीत बी. डी. गुप्ता यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

आता वडिलांच्या ब्रिक्सकडे येऊ. ब्रिक्स काढायचा रिफ्रॅक्टोमीटर साखर मोजतच नाही, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल. तो मोजतो अपवर्तनांक, जुन्या पुस्तकांतला वक्रीभवनांक. २० अंश तापमानाला शुद्ध पाण्याचा १.३३३०, दहा ब्रिक्सच्या साखरपाण्याचा १.३४७८, वीस ब्रिक्सचा १.३६३८. म्हणजे रसाच्या टापूत एक ब्रिक्स म्हणजे सुमारे ०.००१६. सोनं चढवलेल्या फायबरमध्ये अपवर्तनांक एकने बदलला तर खड्डा साधारण दोन हजार नॅनोमीटर सरकेल, अशा हिशेबाची संवेदनशीलता सहज मिळते. गुणाकार करा : एका ब्रिक्सला तीन नॅनोमीटरहून थोडं जास्त. हे सरकणं साध्या स्पेक्ट्रोमीटरलाही दिसतं. तुमचे वडील ज्या राशीवर हंगाम काढत होते, तीच राशी हा फायबर मोजतो.

पण तो थर चढवणं हे साधं काम नाही, आणि मला या विषयातला सगळ्यात जिवंत भाग तोच वाटतो. लहानपणी आमच्या नगरच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा करून भट्टी पेटवायचा, भाता चालू लागला की पितळेचं पातेलं निखाऱ्यावर तापायचं. मग चिमूटभर नवसागर टाकायचा; नाकाला झोंबणारा पांढरा धूर उठायचा. त्यावर कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो एक हात फिरवायचा आणि पातेल्याचं पोट आतून लख्ख व्हायचं. एकदा मी विचारलं, नवसागर कशाला? तो म्हणाला, त्याच्याशिवाय कथील धरत नाही. तापलेल्या पितळेवरचा मळ आणि ऑक्साइड नवसागर काढतो, मगच कथील अंगाला लागतं.

सोनंही काचेला धरत नाही. नुसतं चढवलं तर बोटाने पुसलं जातं, पाण्यात दोन दिवसांत सुटतं. म्हणून काच आधी आम्लाने किंवा प्लाझ्माने धुतात, तिच्यावर क्रोमियम किंवा टायटॅनियमचा दोन-पाच नॅनोमीटरचा अस्तरथर देतात आणि निर्वात पेटीत त्यावर सोनं बसवतात. जाडी सुमारे ५० नॅनोमीटर. मिठाईवरचा चांदीचा वर्खही यापेक्षा बराच जाड असतो. थर फार जाड झाला तर डोकावणारी लहर सोन्यातच विरते, बाहेर पोहोचत नाही. फार पातळ झाला तर खड्डा उथळ आणि पसरट होतो, त्याचा तळ नेमका कुठे हे कळत नाही. शिवाय फायबर गोल असतो. पेटीत तो फिरवत ठेवला नाही तर एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ असा थर बसतो, आणि एकाच फायबरमध्ये दोन खड्डे एकमेकांत मिसळून जातात.

खर्चाची भीती मात्र नको. २०० मायक्रोमीटर जाडीच्या फायबरच्या एक सेंटिमीटर भागावर ५० नॅनोमीटर सोनं चढवलं तर ते सुमारे सहा मायक्रोग्रॅम भरतं. सराफी हिशेबात एका गुंजेत अशी वीस हजार टोकं होतील. पेटीच्या भिंतींवर जे उडून जातं ते धरलं तरी सोन्याचा खर्च किरकोळच. पैसे लागतात ते पेटीला आणि स्पेक्ट्रोमीटरला.

सोन्याऐवजी चांदी का घेत नाहीत, असंही तुमच्या मनात येईल. घेतात. चांदीचा खड्डा सोन्यापेक्षा अरुंद आणि खोल येतो, म्हणजे नोंद जास्त नेमकी. पण चांदीचं गंधकाशी जमत नाही, हे घरातल्या काळवंडलेल्या समया आणि पैंजण सांगतातच. आपल्या कारखान्यांत रस स्वच्छ करायला गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात. तिथे उघडी चांदी मी तरी बसवणार नाही. चांदीवर सोन्याचा पातळ थर देऊन दोन्हींचे गुण घेण्याचा मार्गही आहे.

इथवर सलग थराविषयी बोललो. तुमच्या व्याख्यात्यांनी नॅनोकणही म्हटलं असेल, आणि कणांचा स्वभाव निराळा. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवले, तेव्हा पाणी माणकासारखं लाल झालं. वीस नॅनोमीटरच्या आसपासचा सोन्याचा कण ५२० नॅनोमीटरचा, म्हणजे हिरवा, प्रकाश खातो, म्हणून उरलेला उजेड लाल दिसतो. इथे इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर पसरत नाहीत, कणातल्या कणातच हिंदकळतात. कणांचा दुसरा गुण म्हणजे अंगाचा पसारा. एक ग्रॅम सोन्याच्या घन ठोकळ्याला चौरस सेंटिमीटरपेक्षाही कमी पृष्ठभाग असतो. तेच सोनं वीस नॅनोमीटरच्या कणांत मोडलं तर पृष्ठभाग सुमारे १५ चौरस मीटर होतो, दहा बाय सोळाच्या खोलीच्या फरशीएवढा. पकडायला आलेल्या रेणूंना तेवढी बसायला जागा.

असे कण आपल्या पुण्यातही झाले, तेही आपल्या परसातल्या वनस्पतीपासून. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात गवती चहाचा अर्क घातला. सोन्याचे चपटे, त्रिकोणी कण तयार झाले. २००४ साली ते काम 'नेचर मटेरियल्स'मध्ये आलं. गोल कण हिरवा प्रकाश खातात, हे त्रिकोणी कण तांबड्यापलीकडचा अवरक्त प्रकाश खातात. कणाचा आकार बदलला की खड्डा हवा तिथे नेता येतो. मोरीशेजारी उगवलेल्या गवती चहाकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहते.

आणि अशा कणांना फायबरवर बसवण्याचं महत्त्वाचं काम पवईला आयआयटी मुंबईत झालं. व्ही. व्ही. आर. साई, तपनेंदू कुंडू आणि सौम्यो मुखर्जी यांनी २००९ साली सोललेला फायबर केसाच्या पिनेसारखा 'यू' आकारात वाकवला आणि त्या बाकावर सोन्याचे कण बसवले. वाकवल्याने काय होतं? बाकात प्रकाश बाहेरच्या भिंतीवर जास्त उभा आदळतो, म्हणून जास्त बाहेर डोकावतो, आणि कणांशी त्याची गाठ जास्त पडते. टोक लहान, बुडवायला सोपं, दोन्ही पाय एकाच बाजूला. चार थेंब द्रावण असलं तरी चालतं. मला या रचनेचं फार कौतुक वाटतं, कारण महागड्या यंत्राऐवजी नुसत्या वळणाने काम साधलं आहे.

थर आणि कण यांतलं कोणतं चांगलं? काय मोजायचं आहे ते आधी ठरवावं लागतं. सलग थरावरून निघणारी लहर बाहेर शे-दोनशे नॅनोमीटर पोहोचते, म्हणून ती द्रवाचा एकंदर दाटपणा छान ओळखते. कणांभोवतीची लहर जेमतेम दहा-वीस नॅनोमीटर पोहोचते. तिला दूरच्या पाण्याशी फारसं देणंघेणं नसतं, अंगाला चिकटलेला रेणू मात्र तिला लगेच कळतो. रसाचा ब्रिक्स हवा तर थर, आणि जंतू किंवा प्रथिन पकडायचं तर कण, असं मी म्हणेन.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आपल्या भागाचा. इथे मला जरा थांबून, जपून बोलायला हवं.

सोन्याला साखर ओळखता येत नाही. त्याला फक्त अपवर्तनांक कळतो. साखर वाढली, मीठ वाढलं, रस गार झाला, सगळ्याने खड्डा एकाच दिशेला सरकतो. पाणी दहा अंशांनी तापलं की अपवर्तनांक सुमारे ०.००१ ने उतरतो, म्हणजे अर्ध्या ब्रिक्सहून जास्त चूक. म्हणून शेजारी तापमान सांगणारा दुसरा फायबर लागतो. त्यासाठी बहुधा ब्रॅग ग्रेटिंग वापरतात. गाभ्यात अतिनील किरणांनी समान अंतरावर रेघा कोरलेल्या असतात आणि त्या एकच रंग परत पाठवतात. १५५० नॅनोमीटरला दर अंशाला तो सुमारे ०.०१ नॅनोमीटर सरकतो. त्याच्यावरही धातू चढवतात, पण कारण निराळं. काच उष्णतेने जवळजवळ प्रसरत नाही, अ‍ॅल्युमिनियम तिच्या चाळीसपट प्रसरतं. धातू ताणला की काचेला बरोबर ओढतो आणि सरकणं वाढतं. हायड्रोजन मोजायचा तर पॅलेडियम चढवतात. ते स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे नऊशेपट हायड्रोजन पिऊन फुगतं.

प्रवरेच्या कालव्याखालच्या ऊसपट्ट्यात जमिनी खारवल्या, विहिरींच्या पाण्यात नायट्रेट उतरलं, हे दुखणं तुम्हाला माझ्यापेक्षा जवळून माहीत असेल. तिथे हा सेन्सर लावता येईल का? पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. एक ब्रिक्स म्हणजे लिटरला जवळपास दहा ग्रॅम साखर. दोनशेपटींहून जास्त फरक. एवढ्याशा नायट्रेटने पाण्याचा अपवर्तनांक सहाव्या दशांश स्थळावर हलेल, आणि विहिरीचं पाणी सकाळ-दुपार जेवढं तापतं तेवढ्यात तो फरक बुडून जाईल. म्हणून सोन्यावर आणखी एक थर लागतो, जो नायट्रेटच तेवढं ओढून पृष्ठभागाशी जमवील. गंधकाचं टोक असलेले रेणू सोन्याला घट्ट धरतात, हा इथे फायदा. त्यांच्या दुसऱ्या टोकाला प्रतिपिंड, विकर किंवा हवा तो पकडणारा रेणू जोडता येतो. या क्षेत्रातली खरी लढाई याच थरावर आहे. संवेदनशीलतेचे मोठे आकडे निबंधात छापणं तुलनेने सोपं आहे. तोच थर विहिरीत एक पावसाळा टिकवणं कठीण. शेवाळ चढतं, गाळ बसतो, पकडणारे रेणू मरतात.

कारखान्याचं वेगळं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झालं, आणि तेव्हापासून या जिल्ह्यात ब्रिक्स हा घरातला शब्द झाला. साध्या ब्रिक्ससाठी कोणी तुम्हाला सोन्याचा फायबर विकायला आलं तर माझा सल्ला असा, की वडिलांचा रिफ्रॅक्टोमीटर पुरेसा आहे. फायबरचं मोल अशा जागी आहे जिथे माणसाने जाणं किंवा वीज नेणं धोक्याचं. आसवनीत अल्कोहोलची वाफ असते. फायबरच्या टोकाशी तार नाही, ठिणगी नाही. दिवा आणि यंत्र शंभर मीटरवर दुसऱ्या खोलीत ठेवता येतं. तिथे मला याचं भविष्य दिसतं.

शेवटी तुमच्यासाठी एक सुचवणी, कारण प्रश्नावरून हात शिवशिवत असल्याचं दिसतं. निर्वात पेटी नसली तरी चालेल. प्लॅस्टिकच्या कवचाचा जाड सिलिका फायबर घ्या, सेंटिमीटरभर सोला, आणि अल्डिहाइड ओळखायला तुम्ही जो टॉलेन्सचा आरसा करता तोच त्याच्यावर चढवा. वेळ मोजून, शेजारी काचपट्टी ठेवून. पट्टीतून दिव्याकडे पाहिल्यावर निळसर दिसू लागलं की थांबा. एक खबरदारी मात्र हट्टाने पाळा : टॉलेन्सचं द्रावण साठवून ठेवू नका, वाळू देऊ नका, त्याचा स्फोट होतो. काम झालं की शिक्षकांसमोर आम्ल घालून लगेच निकामी करा. मग पाच, दहा, पंधरा, वीस टक्के साखरेची द्रावणं करा, प्रत्येकाचा ब्रिक्स वडिलांकडून घ्या आणि खड्डा कुठे आला ते आलेखावर मांडा. आठ दिवसांनी तोच फायबर, तीच द्रावणं पुन्हा. रेघ पहिल्या रेघेवर बसली नाही तर किती सरकली तेवढं मला लिहून कळवा.